लक्ष्मीताल आणि परसातला हौद

झाशीत लक्ष्मी दरवाज्याबाहेर लक्ष्मीताल आहे. काठावर झाशीच्या नेवाळकर राजघराण्याच्या कुलदेवतेचं, महालक्ष्मीचं देऊळ, आणि जवळच राजे गंगाधररावांची छत्री. २१ नोव्हेंबर १८५३ ला ते गेले, त्यानंतर राणी लक्ष्मीबाईंनी ती बांधवली. बुंदेलखंडात जमिनीखाली कठीण खडक असल्यामुळे पावसाचं पाणी अडवून तळ्यात साठवणं ही इथली जुनीच रीत.

शहर वाढलं तशी सांडपाण्याची वाट तळ्याकडे वळली आणि जलकुंभी माजली. ती उपसायची, काठावर ढीग लावायचे, आणि काही दिवसांत पाणी पुन्हा झाकलेलं. आम्ही झाशीकरांनी हे वर्षानुवर्षं पाहिलं. सांडपाण्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस हेच तिचं खत. ऊब मिळाली की दोनेक आठवड्यांत ती दुप्पट होते. २०१७ मध्ये झाशीची स्मार्ट सिटीसाठी निवड झाली, तळ्याच्या सुशोभीकरणाची चर्चाही बरीच झाली. माझं मत विचाराल तर फरसबंदी आणि रोषणाईच्या आधी नाले.

आमच्या परसातल्या हौदाकडे मी याच नजरेनं पाहू लागले. पूर्वी दिवाळीआधी तो पार रिकामा करून घासून काढायची पद्धत होती. दोन दिवस पाणी आरशासारखं, मग हिरवं व्हायला सुरुवात. घासताना भिंतीवरचा बुळबुळीत थर जायचा. त्याच थरात माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू राहतात, आणि ते नायट्रेट झाडं शोषून घेतात. हे कळल्यावर घासणं थांबलं. आता पाणी थोडं थोडं बदलायचं, काढलेलं पाणी मोगऱ्याला. तळाचा गाळही एकदम उपसत नाही.

कुमुदिनीची पानं निम्मा हौद झाकतात, त्यामुळे शेवाळाला ऊन कमी मिळतं. एका कोपऱ्यात वेखंड लावलंय. गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात, म्हणून वरून खाणं अगदी चिमूटभर. उरलेला दाणा म्हणजे पाण्यात टाकलेलं खतच. फाल्गुन-चैत्रात कडुनिंबाची पानगळ होते, तेव्हा हौदावर जाळी ताणायची. ती पानं आत कुजली की पाणी काळपट होतं.

खरी कसोटी ज्येष्ठात. पारा ४५ अंशांवर जातो, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. रात्री झाडंही प्राणवायूच घेतात, म्हणून पहाटे उठून आधी हौद बघायचा. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमिट करताना दिसले की बादलीनं पाणी उंचावरून ओतत राहायचं. ऊन वर येईपर्यंत तेवढ्यानं निभावतं.

आता ओळखीत कुणी नवा हौद बांधला की मी आमच्या हौदातले चार बुळबुळीत दगड ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवते. नव्या पाण्यात तो थर आपोआप धरायला महिना-दीड महिना लागतो. दगडांबरोबर तो तयारच जातो.