गल्ल्यावरचे गणित
संयुक्त अरब अमिरातीत 1 जानेवारी 2018 पासून 5 टक्के मूल्यवर्धित कर लागू झाल्यामुळे पॉइंट ऑफ सेल प्रणाली, म्हणजे गल्ल्यावर बिल, साठा व हिशेब एकत्र सांभाळणारी संगणकीय व्यवस्था, निवडताना तिच्या देखणेपणापेक्षा तिचे गणित आधी तपासणे अत्यावश्यक ठरते. दुबईच्या करामा भागातील करनोंदणीकृत उपाहारगृहाच्या दरफलकावर थाळीची किंमत 21 दिरहम असेल, तर तीत कर धरलेलाच असतो आणि तो नेमका 1 दिरहम भरतो. 21 चे सरसकट 5 टक्के काढून 1.05 दिरहम कर दाखवणारी प्रणाली सदोषच मानावी. बिलावर 15 अंकी करनोंदणी क्रमांक छापला जाईल आणि नोंदी किमान 5 वर्षे उपलब्ध राहतील, अशी हमी व्यावसायिकाने खरेदीपूर्वीच लेखी घ्यावी.