काळी, पांढरी आणि नवे गाव

मराठी मुलखातील शेतकऱ्याने आपल्या गावच्या भूमीचे दोन भाग मानले आणि त्यांना दोन साधी नावे दिली. जेथे पीक उभे राहते ती काळी आणि जेथे घरे उभी राहतात ती पांढरी. 'जमीन-वापराचे नियोजन' हा शब्दप्रयोग शासकीय कागदपत्रांत रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून या दोन शब्दांत एक नियम सामावलेला होता. काळीवर घर बांधायचे नाही आणि पांढरीवर नांगर चालवायचा नाही, असा तो नियम. पिढ्यानपिढ्या एकाच जागी भिंती उभ्या राहाव्यात, पडाव्यात, चुलींची राख आणि घरांची माती त्याच जागी मुरावी, या क्रमातून पांढरीला तिचा रंग आणि उंची येते.

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे याचे ठळक उदाहरण आहे. तेर म्हणजेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात या व्यापारी पेठेचा उल्लेख येतो. येथले कापड गाड्यांत लादून भडोचच्या बंदराकडे जात असे. तेरणेच्या काठावरील या गावाच्या पांढरीच्या टेकाडांतून शेकडो वर्षे मणी, मृण्मूर्ती आणि खापरे निघत आली, आणि त्यांतूनच येथील वस्तुसंग्रहालय उभे राहिले. एवढी मोठी पेठ वसली आणि ओसरली, तरी तेरच्या भोवतीची काळी काळीच राहिली. वस्तीने आपल्याच अवशेषांवर पुन्हा पुन्हा घर केले. शेताकडे पाय पसरले नाहीत.

या संयमामागे कारण होते. हा जिल्हा पर्जन्यछायेतील आहे. पाऊस थोडा, त्यातही बेभरवशाचा. तरीही येथे शतकानुशतके शाळूचे पीक येत राहिले, कारण खोल काळी जमीन भाद्रपद-आश्विनातला पाऊस आपल्या पोटात साठवून ठेवते आणि त्या ओलीवर ज्वारी थंडीत वाढते. मुरमाड माळाला हे साधत नाही. तेथे पडलेले पाणी वाहून जाते किंवा चार दिवसांत उडून जाते. बालाघाटाच्या पठारावर खोल काळीचे पट्टे नदी-नाल्यांच्या आसपास आढळतात आणि उरलेला बराच भाग हलक्या जमिनीचा व माळरानाचा आहे. बेसाल्टाचा खडक झिजून हातभर काळी माती तयार व्हायला माणसाच्या हिशेबात न बसणारा काळ लागतो. तिच्यावर एकदा सिमेंट पडले की ती परत मिळत नाही.

हा जुना नियम एका रात्रीत मोडला, ती रात्र ३० सप्टेंबर १९९३ ची. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे दगावली. किल्लारीचे नाव जगभर गेले; परंतु आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर, राजेगाव, पेठसांगवी, होळी ही गावेही त्याच पहाटे ढिगाऱ्याखाली गेली. माणसे मारली ती भूकंपाने, त्याहून अधिक घरांनी. हातभर जाडीच्या भिंती दगड-मातीच्या. त्या दगडांना आरपार सांधणारे लांब दगड बहुधा नसत. वर माळवद. गळती थांबावी म्हणून दर पावसाळ्यापूर्वी त्यावर पांढरी मातीचा नवा थर पडे, आणि छताचे ओझे वर्षागणिक वाढत जाई. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या या घराने भूकंपाच्या काही क्षणांत घात केला.

जे वाचले त्यांना त्या जागेवर पुन्हा राहायचे नव्हते, यात नवल नाही. दगडी भिंतीची आणि अरुंद बोळाची भीती मनात बसली होती. जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने भूकंप पुनर्वसनाचा विस्तृत कार्यक्रम हाती घेतला. सर्वांत जास्त हानी झालेली ५२ गावे संपूर्णपणे नव्या जागी हलविण्याचे ठरले. शासन, स्वयंसेवी संस्था आणि देणगीदार या सर्वांनी मिळून ती उभारली. उघड्यावर पडलेल्या हजारो कुटुंबांना काही वर्षांत पक्के, भूकंपाला टिकेल असे घर मिळाले. स्वतंत्र भारतातील पुनर्वसनाच्या इतिहासात हे काम मोठे होते आणि त्याचे श्रेय कोणी नाकारू नये.

तथापि या कामातून नवे गाव ज्या आकाराचे निघाले, त्याचा विचार मात्र पुरेसा झाला नाही. कागदावर सरळ रेषा मारून, काटकोनात रस्ते आखून, सारख्या मापाचे भूखंड पाडून ही गावे मांडली गेली. घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवरून ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, आणि त्याहून मोठ्या खातेदाराला ७५० चौरस फूट. जुने गाव एका टेकाडावर दाटीने बसलेले होते. नवे गाव त्याच्या अनेक पट जागेवर पसरले. ही जागा आली कोठून? बहुतांशी शेतातून. सपाट, रस्त्याजवळची, बांधकामाला सोयीची जमीन निवडली गेली आणि अशी जमीन बहुधा लागवडीखालील असते. उलट जुन्या पांढरीवर अनेक ठिकाणी काटेरी झुडपे माजली. पांढरी ओसाड पडली आणि काळीवर घरे आली, असा हा उलटा व्यवहार झाला.

त्याचे परिणाम रोजच्या जगण्यात उतरले. शेतकऱ्याचे घर हे केवळ राहण्याचे ठिकाण नसते. तेथे जनावर बांधावे लागते, कडबा रचावा लागतो, धान्याची कणगी ठेवावी लागते, अवजारे टेकवावी लागतात. नोकरदाराच्या वसाहतीत शोभणाऱ्या दोन खोल्यांत यांपैकी कशालाच जागा नव्हती. म्हणून पक्क्या घरांपुढे आणि मागे पत्र्याचे निवारे उभे राहिले आणि उन्हाळ्यात तापणाऱ्या स्लॅबखालून माणसे त्यांत येऊन बसू लागली. रुंद रस्ते आले. परंतु ते राखायचे, त्यांवर दिवे लावायचे, लांबच लांब नळ आणि गटारे दुरुस्त ठेवायची, तर त्यासाठी लागणारा महसूल शहरापाशी असतो, ग्रामपंचायतीपाशी नसतो. शेतावर, विहिरीवर, शेजारणीकडे जाणाऱ्या बाईची पायपीट वाढली.

येथे जुन्या गावाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. जुन्या पांढरीत वेशीच्या आत कोणी राहायचे आणि वेशीबाहेर कोणी, हे जातीने ठरवलेले होते. दलित वस्तीला हलक्यात हलकी जागा आणि पाण्यापासून लांबचे अंतर हेच वाट्याला येई. धाराशिव जिल्ह्यातीलच कसबे तडवळे येथे १९४१ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली महार-मांग वतनदारांची परिषद भरली, ती याच अन्यायी व्यवस्थेविरुद्ध. नवे गाव मांडताना ही विषमता मोडण्याची संधी होती. प्रत्यक्षात जातीच्या जागी एकराचा हिशेब आला. ज्याला जमीन नव्हती त्याला घरही सर्वांत लहान मिळाले. आणि भूमिहीनांत बहुसंख्य कोण, हे मराठवाड्यात कोणाला सांगावे लागत नाही.

मग चूक कोठे झाली? घाई होती, आणि ती समजण्यासारखी होती. परंतु घाईत माणूस त्याच्या मनात आधीपासून असलेलेच चित्र कागदावर उतरवतो. योजना आखणाऱ्यांच्या मनात प्रगत वस्तीचे चित्र शहराच्या वसाहतीचे होते, म्हणून खेड्याचा विकास म्हणजे खेड्याला शहराचा नकाशा देणे, असा अर्थ नकळत घेतला गेला. याच कार्यक्रमात दुसरी वाटही होती. जेथे हानी कमी होती तेथे सुमारे दोन लाख घरांची जागच्या जागी दुरुस्ती आणि बळकटी करण्याचे काम घरमालकांच्या हाती देण्यात आले. शासनाने पैसा आणि तांत्रिक सल्ला दिला. गावोगाव स्त्रियांचे गट संवाद-साहाय्यक म्हणून पुढे आले. तेथे काळी शाबूत राहिली आणि घरेही सुरक्षित झाली. एकाच आपत्तीवरचे हे दोन उपाय शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर बोध स्पष्ट आहे. गावकऱ्यांना हिशेबात घेतले की जमिनीचाही हिशेब राहतो.

हा बोध आज आठवण्याचे कारण असे की, १९९३ साली जे धक्क्याने झाले ते आता सावकाश आणि बिनआवाज होत आहे. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांवर होती आणि तिच्यापैकी शहरांत राहणारे सुमारे सतरा टक्केच. त्याच वेळी महाराष्ट्रात हे प्रमाण पंचेचाळीस टक्क्यांवर पोहोचले होते. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत धाराशिवचे नाव २०१८ पासून आहे. म्हणजे जिल्हा शहरी झालेला नाही, श्रीमंतही झालेला नाही. परंतु त्याची जमीन मात्र शहराच्या गरजांसाठी बदलू लागली आहे. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव चौपदरी महामार्ग २०१९ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. याच तीन गावांना जोडणाऱ्या सुमारे ८४ किलोमीटरच्या लोहमार्गासाठी भूसंपादन झाले. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिलेल्या नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीतही हा जिल्हा होता आणि मोजणीला शेतकऱ्यांनी विरोध केला.

रस्ते आणि रेल्वे नकोत, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ साली लातूरला पोहोचली, ती धाराशिव शहराला वगळून. जिल्ह्याच्या गावाला रेल्वेसाठी ब्रॉडगेज होईपर्यंत वाट पाहावी लागली, हे येथील पिढ्यांनी सोसले आहे. प्रश्न रस्त्याच्या पट्ट्याचा नसून त्याच्या दोन्ही अंगांना जे घडते त्याचा आहे. महामार्ग आला की त्याच्या कडेच्या शेतात खांब रोवले जातात, प्लॉटिंगचे फलक लागतात. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतील, प्रादेशिक योजनेत विकासयोग्य ठरलेली जमीन अकृषिक मानण्याची तरतूद महसूल संहितेत झाली आहे. शेतीचे तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ साली झालेला कायदाही २०२५ मध्ये नागरी व नियोजित क्षेत्रांपुरता सैल करण्यात आला. सामान्य माणसाच्या अडलेल्या खरेदीखतांसाठी हे आवश्यक होते, असे शासन म्हणते आणि त्यात तथ्य आहे. परंतु या सर्व तरतुदींत एक प्रश्न कोठेच विचारला जात नाही: जी जमीन जाते ती काळी की माळ?

शेतकऱ्याने आपली जमीन विकली तर इतरांनी तक्रार का करावी, असा आक्षेप येईल. सोयाबीनचा भाव पडतो, पावसाचा खंड पडतो, मुलगा पुण्याला कामाला जातो. अशा माणसाला प्लॉटच्या भावाने मिळणारा पैसा नाकारायला सांगण्याचा अधिकार शहरात पगार घेणाऱ्यांना नाही. हे मान्य करूनही दोन गोष्टी उरतात. एक म्हणजे, खातेदाराला मोबदला मिळतो, त्या शेतावर मजुरीने जाणाऱ्या बाईला मिळत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने अशा मजूर कुटुंबांनाही बाधित मानले आणि ग्रामसभेशी सल्लामसलत करून सामाजिक परिणामांचा अभ्यास सांगितला. परंतु राष्ट्रीय महामार्गांसाठी जमीन वेगळ्या कायद्याने घेतली जाते आणि तेथे या अभ्यासाची अट लागू नाही. दुसरे असे की, विकणाऱ्याचा निर्णय एका पिढीचा असतो आणि जमिनीची हानी कायमची.

म्हणून काही गोष्टी आजच ठरवता येण्यासारख्या आहेत. लोकसंख्या वाढते तसे गावठाण वाढलेच पाहिजे. पण ते कोणत्या दिशेने वाढावे याचा नकाशा बिल्डरने किंवा दलालाने आखण्यापूर्वी ग्रामसभेने आखावा. त्यात खोल काळी, हलकी जमीन, माळ आणि गायरान वेगवेगळे दाखवलेले असावेत. गायरानही कोणाच्या तरी शेळीचे आणि पोटाचे असते, याचा विसर पडू नये. ओस पडलेल्या जुन्या पांढरीचा पहिला विचार व्हावा. भूकंपाला टिकणारे घर त्याच जागी बांधण्याचे तंत्र आज गवंड्यालाही ठाऊक आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन घरांना मिळकतपत्रिका मिळू लागल्या. पांढरीचा नकाशा अशा रीतीने तयार होत असेल, तर त्याला लागून असलेल्या काळीचा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावणे अवघड का असावे?

सास्तूरच्या नव्या वस्तीत वाढलेली मुले आज तिशीत आहेत. त्यांच्यापैकी अनेकांनी जुने गाव नांदते असे पाहिलेले नाही, आणि पांढरी हा शब्द त्यांच्या बोलण्यातून जाऊ लागला असल्यास तो त्यांचा दोष नाही. शाळेत जिल्ह्याचा भूगोल शिकवताना शिक्षकांनी हे दोन शब्द फळ्यावर लिहावेत आणि विद्यार्थ्यांना गावाभोवती फिरवून विचारावे: गेल्या दहा वर्षांत काळी कोठे कोठे कमी झाली? मुलांनी केलेली ती यादी ग्रामसभेपुढे ठेवली, तरी एक महत्त्वाचे काम सुरू होईल.