खल, कल्हई आणि काटा : औषधशाळेची साधने विकत घेताना

गुळवेल ओली घ्यावी की वाळलेली, ती कडुनिंबावर चढलेलीच हवी काय, यावर आपण वैद्यमंडळी तासन्‌तास चर्चा करतो. ती ज्या पातेल्यात उकळावयाची ते पातेले मात्र बहुधा वडिलार्जित असते, नाहीतर लग्नाच्या रुखवतातून आलेले. चिकित्सेच्या चतुष्पादांत द्रव्याला स्थान आहे; द्रव्य ज्यात घडते त्या पात्राचा विचार आपण बाजारात गेल्यावर, दुकानदार किंमत सांगू लागला की, घाईघाईने करतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने एका व्यापाऱ्याकडून कसोटीच्या दगडाचा म्हणून एक सुंदर काळाभोर खल घेतला. पहिलेच काम हिंगुळशोधनाचे काढले. पाव किलो हिंगुळास लिंबूरसाच्या सात भावना दिल्या, पाण्याने धुतले, वाळवून तोलले, तर वजन बारा ग्रॅमने वाढलेले! शोधनात थोडी घट धरलेलीच असते, वाढ कशी? खल धुऊन उन्हात ठेवला तेव्हा तळाचा काळेपणा उतरून खालचा पांढुरका दगड डोकावू लागला. त्यावर लिंबाचे चार थेंब टाकताच बारीक बुडबुडे आले. दगड संगमरवराच्या जातीचा असून वर तेलकाजळीचा हात दिलेला होता. आम्लरसाने तो विरघळत होता आणि बत्त्याने झिजत होता. खल झिजतो तेव्हा झिजलेला भाग जाणार कोठे? तो सगळा हिंगुळ टाकून द्यावा लागला.

रसरत्नसमुच्चयादी ग्रंथांत खल्वाचा पाषाण श्यामवर्ण, स्निग्ध, दृढ व जड असावा असे सांगितले आहे. यातील वर्ण रंगवून आणता येतो, दृढता येत नाही. म्हणून खल घेण्यास जाताना खिशात एक लिंबू न्यावे. तळाशी, शक्य तर उलट्या बाजूसही, रस टाकून पाच मिनिटे थांबावे. त्यानंतर खलात वाटीभर स्वच्छ पाणी घालून बत्ता अर्धा तास फिरवावा व ते पाणी पांढऱ्या बशीत आटवावे. बशीत गाळ राहिला तर खल परत करावा. दुकानदार कंटाळेल, त्याला चहा पाजावा, पण परीक्षा सोडू नये. बत्त्याचा गोलावा तळाच्या गोलाव्याशी जुळतो की नाही तेही पाहावे. तो जुळत नसेल तर मर्दन एका रेषेवरच होते, बाकीचे द्रव्य नुसते इकडून तिकडे सरकत राहते. ग्रॅनाइट कठीण खरा, परंतु त्याचे रवे खडबडीत असतील तर मागील कल्प खळग्यांत दडून बसतो. ज्यात एकदा पारद घोटला तो खल काष्ठौषधींसाठी कधीही वापरू नये. त्याच्या काठावर खूणच कोरून घ्यावी. चिठ्ठी धुण्यात निघून जाते.

पितळेचा खलबत्ता सुंठ, मिरे कुटण्यास उत्तम. पारदासाठी मात्र तो वर्ज्य होय. पारा तांबे, जस्त, कथील यांच्याशी मिसळून जातो, लोखंडाशी तसा मिसळत नाही. तप्तखल्व लोहाचा सांगितला आहे त्याची संगती येथे लागते.

आता भांड्यांकडे वळू. पुण्यातील वैद्यांचे एक भाग्य असे की, कसबा पेठेत तांबट आळी अद्याप टिकून आहे. पेशवाईत कोकणातून येथे आलेल्या त्वष्टा कासारांची ही वस्ती. ठोक्यांचा आवाज आता पूर्वीइतका घुमत नाही; तरी मठारकाम केलेले तांब्याचे भांडे हवे असेल तर तेथेच जावे. मठार म्हणजे नुसती नक्षी नव्हे. हातोडीच्या ठोक्यांनी मऊ तांबे घट्ट होते आणि भांडे सहजी पोचत नाही. यंत्रावर फिरवून काढलेल्या भांड्याचा पत्रा वळणाच्या जागी पातळ होण्याचा संभव असतो, आणि काढा उकळताना तीच जागा प्रथम दगा देते. म्हणून काठ चिमटीत धरून समाधान मानू नये. बुडाजवळच्या वळणावरून बोटे फिरवावीत. भाव वजनावर व वर घडणावळ असा असतो, तेव्हा तोल आपल्यासमोर करून घ्यावा.

परंतु खरा धोका तांब्यात नाही, कल्हईत आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, कांजी, आवळा असे आम्ल द्रव्य ठेवले तर ते कळकते, हे घरोघरी ठाऊक होते. नीट कल्हई नसलेली तांब्या-पितळेची भांडी अन्नासाठी वापरू नयेत, असे १९५५ च्या अन्नभेसळ प्रतिबंध नियमांतही होते. कल्हई शुद्ध कथिलाची हवी. कथील महाग, शिसे स्वस्त. कथील २३२ अंशांस वितळते, तर शिसे मिसळलेला धातू १८३ अंशांपासूनच पाघळू लागतो. काम लवकर होते, चकाकीही येते, आणि दशमूळाच्या काढ्यात शिसे उतरण्यास वाट मोकळी होते.

डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. आपल्याकडे त्यावर बराच संताप व्यक्त झाला. रसकल्प व काष्ठौषधी यांत भेद करावयास हवा हा आक्षेप योग्यच होता. पण औषधात शिसे शिरण्याच्या वाटा अनेक आहेत, माती आहे, पाणी आहे, आणि त्यांतील एक तरी आपल्या हातची आहे. काष्ठौषधींत शिशाची मर्यादा १० पीपीएम, म्हणजे किलोमागे अवघे दहा मिलिग्रॅम! चिमूटभराचाही तो अंश नव्हे.

यावर उपाय सोपा आहे. कथिलाची कांडी धातूच्या व्यापाऱ्याकडून शुद्धतेच्या दाखल्यासह आपण स्वतः विकत घ्यावी आणि कल्हईवाल्याच्या हाती द्यावी. शुद्ध कथिलाची कांडी कानाजवळ धरून वाकविली असता कुरकुर असा आवाज करते. शिसे अधिक असले की कांडी मुकी होते व कागदावर घासल्यास करडी रेघ उठते. ही ढोबळ परीक्षा आहे, थोडी भेसळ तिने कळणार नाही. मोठ्या औषधशाळेने प्रयोगशाळेतूनच तपासून घ्यावे. नवसागराचा धूर निघून भांडे कापसाने पुसले जाईपर्यंत तेथेच उभे राहावे. कल्हईवाले आता थोडे उरले आहेत. चांगला मिळाला तर घासाघीस करू नये.

पोलादाच्या भांड्यांविषयी एक गैरसमज रूढ आहे की, चुंबक चिकटला नाही म्हणजे भांडे उत्तम. ३०४ आणि २०२ या दोन्ही प्रतींना चुंबक सहसा चिकटत नाही; फरक निकेलचा आहे. ३०४ मध्ये ते ८ ते १०.५ टक्के, २०२ मध्ये ४ ते ६ टक्के. पत्र्याची प्रत बिलावर लिहून घ्यावी आणि परीक्षाद्रावाचा थेंब टाकून पाहावा. च्यवनप्राशाचे आवळे यातच शिजवावेत. लोखंडी कढईत ते शाईसारखे काळे होतात. क्षार करावयाचा असेल तर मात्र लोखंडी कढईच बरी, आणि ॲल्युमिनियमला तर शिवूही नये, कारण क्षार त्याला खाऊन टाकतो.

चाळणी ऐंशी नंबरची म्हणून घेतात आणि ती प्रकाशात धरून पाहत नाहीत. एक तार सरकली तरी चूर्ण वस्त्रगाळ राहत नाही.

राहता राहिला काटा. २००० साली अनुसूची ‘टी’ आली तेव्हापासून औषधशाळांना यंत्रसामग्रीची जाणीव झाली आहे. स्वतःच्या रुग्णांपुरते औषध करणारा, बाजारात न विकणारा नोंदणीकृत वैद्य तिच्या कक्षेबाहेर आहे. पण म्हणून त्याच्या काट्याने खोटे बोलावे असे नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी व्हावयास हवी. घेताना त्यावर वैधमापनाचा शिक्का आहे काय ते पाहावे आणि किमान वजनाचा आकडा वाचावा. दहा किलोच्या काट्यावर ग्रॅमभर बचनाग तोलणारे महाभाग मी पाहिले आहेत. रसद्रव्ये व विषद्रव्ये यांसाठी सोनाराकडे असतो तसा लहान, निराळा काटा घ्यावा, आणि तो पंख्याखाली ठेवू नये.