हिरड्याच्या पुढच्या पिढीचे काय?

जुन्नरच्या आंबे-हातवीज, दुर्गवाडीपासून आंबेगावच्या आहुपे, तळेघरपर्यंतच्या पश्चिम पट्ट्यात उन्हाळा म्हणजे बाळहिरड्याचा हंगाम. झाडावर चढून कोवळी हिरवी फळे उतरवायची, अंगणात वाळत घालायची आणि काळी, सुरकुतलेली झाली की व्यापाऱ्याकडे न्यायची. कितीतरी महादेव कोळी कुटुंबांची पावसाळ्याची बेगमी या पैशांवर होते. असा वाळलेला बाळहिरडा फोडून पाहा, आत आठळी सापडत नाही. ती धरायच्या आतच फळ उतरवलेले असते. पूर्ण पिकलेल्या हिरड्यात मात्र टणक आठळी असते. तापमान वाढत असताना इथले जंगल तगेल का, या प्रश्नाचे उत्तर बरेचसे त्या आठळीवर अवलंबून आहे.

झाडाला जागा सोडून थंड ठिकाणी जाता येत नाही. उष्मा वाढला की आहे त्या शरीराने ते जुळवून घेऊ पाहते. पानांवरची रंध्रे मिटून पाणी वाचवते, पालवीची वेळ थोडी मागेपुढे करते, उष्णतेने बिघडणाऱ्या प्रथिनांना सावरणारी दुसरी प्रथिने बनवते. पण एका झाडाच्या या जुळवून घेण्याला मर्यादा असते. त्यापलीकडचा बदल पिढी बदलतानाच होतो.

ऊन वाढले म्हणून झाड स्वतःची जनुके हवी तशी बदलत नाही, हे आधी नीट लक्षात घ्यायला हवे. एकाच झाडाच्या शेकडो बियांमध्ये जनुकांची जुळणी वेगवेगळी असते. एखाद्या रोपाचे मूळ लवकर खोल जाते, एखादे पाणी जपून वापरते. सह्याद्रीच्या कातळावरच्या पातळ मातीत पावसाळ्यात उगवलेली बहुतेक रोपे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकत नाहीत. जी टिकतात, त्यांचीच जनुके पुढे जातात; हीच निसर्गाची निवड. उष्णता सोसणे हे एका जनुकाचे काम नव्हे. त्यात अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो, म्हणून बियांमध्ये विविधता जितकी जास्त, तितकी निवडीला जागा जास्त.

दीर्घायुषी झाडांत हे इतक्या लवकर घडू शकते का? फ्रान्समधील तीन जंगलांतल्या ओक वृक्षांवरचे संशोधन 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. आंत्वान क्रेमर आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या वयांच्या झाडांचे जनुकसंच ताडून पाहिले. सर्वांत जुनी झाडे सुमारे 340 वर्षांची, म्हणजे युरोपातल्या ‘लहान हिमयुगा’च्या कडाक्यात रुजलेली, तर सर्वांत लहान 12 वर्षांची होती. जुन्या आणि नव्या पिढ्यांच्या जनुकांत निवडीच्या खुणा स्पष्ट दिसल्या. काही शतकांत, मोजक्या पिढ्यांत ओक बदलला होता. मात्र त्यासाठी दर पिढीत बी पडले होते आणि रुजले होते.

जुन्नर-आंबेगावात निसर्गाने अशा बदलाची उत्तम तयारी करून ठेवली आहे. भीमाशंकरच्या माथ्यावर वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, मंचर-नारायणगावकडे त्याचा लहानसा हिस्साच पोचतो. उंची 1000 मीटरने वाढली की हवा साधारण 6 अंशांनी गार होते, त्यामुळे घाटमाथा आणि पूर्वेकडचे पठार यांच्या उष्णतेतही फरक आहे. हिरडा, बेहडा, जांभूळ, आईन यांच्यासारखी झाडे या चढउतारावर पसरलेली असतात. कीटक परागकण नेतात, काहींच्या बिया वटवाघळे आणि उदमांजरे नेतात, आणि त्यांच्यासोबत उष्ण उतारांवरची जनुकेही वर पोचू शकतात. अशा वाहतुकीत मधले टप्पे म्हणून देवरायांचे मोल फार मोठे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा जो अभ्यास केला, त्याचे महत्त्व आज अधिकच जाणवते.

एकाच जातीची झाडे ठिकाणानुसार वेगळी असतात, हे पडताळायची जुनी रीत म्हणजे ठिकठिकाणचे बी एकाच जागी लावणे. सागाच्या अशा आंतरराष्ट्रीय चाचण्या 1970 च्या दशकात झाल्या, आणि बियाण्याच्या मूळ ठिकाणाप्रमाणे वाढ व खोडाचा सरळपणा बदलतो हे दिसले. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने तर 2018 पासून लागवडीचे बी नुसत्या जवळच्या जंगलातून न घेता पुढच्या हवामानाशी जुळणाऱ्या ठिकाणाहून घेण्याची पद्धत आणली.

आपल्याकडे अडचण त्याच्याही आधीची आहे. बहुतेक फळ बाळहिरडा म्हणूनच उतरले, तर झाड दरवर्षी फळते पण त्याला संतती नसते. आज उभे असलेले जुने हिरडे गेल्या काळाच्या हवामानात निवडले गेलेले. 3 जून 2020 च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या हिरड्याला मोठा तडाखा दिला, आणि पडलेल्या झाडाची जागा घ्यायला रोप नसेल तर निवड होणार कशाची?

याचा दोष तोडणाऱ्यांवर टाकणे अन्यायाचे ठरेल. बाळहिरड्याला पिकल्या हिरड्यापेक्षा भाव चांगला मिळतो, आणि घर चालवायचे असते. म्हणून मोबदला देऊन प्रत्येक उतारावरची काही झाडे पिकेपर्यंत राखावीत. रोपवाटिकांनी दोन-चार भरघोस झाडांवर न थांबता लांब लांबच्या अनेक झाडांचे, खालच्या उष्ण उतारांवरचेही बी घ्यावे, आणि रोपासोबत बियाण्याचे गाव नोंदवावे. हिरड्याची आठळी लवकर रुजत नाही, गर काढून, भिजवून खटपट करावी लागते. ग्रामसभा आणि वनविभाग यांनी ती खटपट येत्या हंगामापासूनच सुरू करावी.