पुस्तक चावणाऱ्या वाचकांसाठी

नऊ महिन्यांच्या बाळासमोर दुधाच्या बाटलीचं रंगीत चित्र ठेवलं, की ते आधी चित्रावर हात घासतं, मग बाटली कागदातून उचकटून काढता येते का ते बघतं. एखादं बाळ सरळ तोंडच लावतं. ज्युडी डिलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली या खटाटोपाचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतली बाळं हे करत होतीच, पण पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमधल्या बेंग समाजाची बाळंही तेच करत होती, आणि त्यांच्या घरांत चित्रांची पुस्तकं जवळपास नव्हतीच. एकोणिसाव्या महिन्याच्या आसपास हे ओरबाडणं मागे पडतं आणि मूल चित्राकडे बोट दाखवू लागतं.

‘नुसतं फाडतोय, त्याच्यापुढे काय वाचायचं?’ अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. तक्रार रास्त आहे, फक्त फाडणं आणि वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं बाळ मानत नाही. चित्रातली बाटली ही बाटली नव्हे, हे कळायला त्याला बरेच महिने लागतात आणि तो अभ्यास ते हातांनी व हिरड्यांनी करतं. जाड पुठ्ठ्याची, गोल कोपऱ्यांची पुस्तकं त्यासाठीच तर निघाली.

मग मोठ्याने वाचायला सुरुवात कधी करायची? आपल्याकडे एक तयार उत्तर आहे: पोटात असल्यापासून. गर्भसंस्काराच्या वर्गांत अभिमन्यूचा दाखला ठरलेला, आणि त्याच्या जोडीला अधूनमधून एका अमेरिकी प्रयोगाचाही हवाला दिला जातो. प्रयोग खरा आहे. अँथनी डिकॅस्पर आणि मेलानी स्पेन्स यांनी १९८६ साली तो प्रसिद्ध केला. बाळंतपणाच्या आधीचे शेवटचे सहा आठवडे गरोदर बायकांनी ठरवून दिलेली एकच गोष्ट रोज दोनदा मोठ्याने वाचायची होती. त्या गोष्टींपैकी एक होती ‘द कॅट इन द हॅट’ या डॉ. स्यूसच्या यमकबद्ध पुस्तकातली. जन्मानंतर दोनेक दिवसांत बाळांच्या तोंडात चोखणी दिली. चोखण्याची लय एका प्रकारे बदलली की ओळखीची गोष्ट ऐकू यायची, दुसऱ्या प्रकारे बदलली की अनोळखी. बाळांनी आपलं चोखणं असं जुळवून घेतलं, की ओळखीची गोष्ट जास्त वेळा ऐकायला मिळावी. वाचणारी बाई परकी असली तरीसुद्धा.

यातून काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, हे मात्र नीट पाहायला हवं. पोटाच्या भिंतीतून आणि गर्भजलातून आत जाताना आवाजातले उंच स्वर बरेचसे गळतात. आत पोचतो तो ठेका, चढउतार, कुठे थांबलं आणि कुठे उचललं ते. बाळाने ओळखली ती गोष्टीची चाल. मांजराने काय धुमाकूळ घातला याचा त्याला पत्ता नव्हता, चक्रव्यूह तर फारच दूर. सातव्या महिन्यात स्तोत्र लावा नाहीतर भाजीचा हिशेब मोठ्याने करा, बाळाला आवाज ओळखीचा होईल. बुद्धी वाढते, भाषा आधी येते, असा निष्कर्ष या प्रयोगातून निघत नाही आणि तो काढून वर्गाची फी घेणं मला तरी पटत नाही.

खरी मजा नंतर सुरू होते, बाळ मांडीत बसू लागल्यावर. १९७८ साली अनात निनिओ आणि जेरोम ब्रुनर यांनी एका इंग्रज आई-मुलाच्या जोडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मूल आठ महिन्यांचं होतं तेव्हापासून दीड वर्षाचं होईपर्यंत दोघांचं पुस्तक बघणं त्यांनी चित्रित केलं होतं. त्यात दिसलं, की आई वाचत अशी नव्हतीच. तिची चारच वाक्यं आलटून पालटून येत होती. आपल्या घरातल्या भाषेत सांगायचं तर: ‘अगंबाई, हे बघ!’, ‘हे काय आहे?’, ‘हो, भूभू!’ आणि ‘बरोब्बर!’ मुलाने हुंकार दिला, हसलं, बोट लावलं, नुसतं पाहिलं, तरी आई ते उत्तर म्हणून स्वीकारायची आणि खेळ पुढे न्यायची. पुढे मूल काहीतरी बडबडू लागलं, तेव्हा नुसता हुंकार तिला पुरेनासा झाला. ते शब्दासारखं काही बोलू लागल्यावर बडबडही चालेना. अपेक्षा हळूहळू वर सरकवण्याचं हे कौशल्य त्या आईला कुणी शिकवलं नव्हतं. नातवंडाला ‘हम्मा कुठंय?’ विचारणाऱ्या आपल्या आज्यांनाही कुणी शिकवलेलं नसतं.

बाळासाठी वाचन म्हणजे काय, ते इथे उघड होतं. दोघांची नजर एका जागी टिकवून ठेवणारी आणि बोलण्याच्या पाळ्या ठरवून देणारी वस्तू म्हणजे पुस्तक. मजकूर त्यात दुय्यम, शेवटचं पान त्याहून दुय्यम. मुलाने मध्येच पान उलटलं, उलट्या दिशेने उलटलं, एकाच बदकाशी पाच मिनिटं अडून बसलं, तर गोष्टीचा विचका झाला असं आपल्याला वाटतं. खरं तर काम तेव्हाच चाललेलं असतं.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी हीच गोष्ट मुद्दाम करून पाहिली. त्यांच्या १९८८च्या अभ्यासात सगळेच आईबाप २१ ते ३५ महिन्यांच्या मुलांना वाचून दाखवणारे होते. त्यांतल्या निम्म्यांना सांगितलं: वाचताना जास्त थांबा, हो-नाहीत उत्तर न देता येणारे प्रश्न विचारा, मूल म्हणेल ते जरा वाढवून परत म्हणा. मूल म्हणालं ‘भूभू’, तर आपण म्हणायचं, ‘हो, मोठा काळा भूभू झोपलाय.’ एका महिन्यानंतर बोलण्याच्या एका चाचणीत ही मुलं दुसऱ्या गटाच्या साडेआठ महिने पुढे निघाली. गट लहान होता, घरं सुखवस्तू होती, त्यामुळे आकडा डोक्यावर घेऊन नाचण्यात अर्थ नाही. दिशा मात्र पुढे अनेकांना तीच सापडली.

प्रिन्स्टन विद्यापीठातल्या एलिस पियाझा यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तर मला केवळ त्यातल्या गैरहजेरीसाठीही आवडतो. प्रयोग करणारी व्यक्ती बाळाशी खेळायची, गायची, ‘गुडनाईट मून’ वाचायची आणि दोघांच्या डोक्यांवरच्या टोप्या मेंदूतल्या रक्तप्रवाहाचे बदल नोंदवायच्या. ४२ बाळं आली. २१ जणांनी इतकी वळवळ केली की नोंदी टाकून द्याव्या लागल्या, तिघांनी टोपीच घालू दिली नाही. उरलेल्या अठरांत दिसलं, की समोरासमोर असताना दोन मेंदूंची हालचाल एका तालात येते, आणि पुष्कळदा बाळाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या काही सेकंद पुढे असतो. म्हणजे बाळ नुसतं मागे चालत नव्हतं, मोठं माणूसच त्याच्या कलाने घेत होतं.

ध्वनिमुद्रित गोष्टी किंवा मोबाइलवरचे व्हिडिओ हे काम करतील का? सिअ‍ॅटलमध्ये पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना बारा बैठकांत चिनी मँडरीन ऐकवली. समोर बसून पुस्तकं वाचणाऱ्या आणि खेळणाऱ्या माणसाकडून ऐकलेल्या बाळांना त्या भाषेतले बारीक उच्चारभेद ओळखता येऊ लागले. तेच पडद्यावरून किंवा नुसतं ध्वनीतून ऐकलेली बाळं कोरीच राहिली.

आणि वाचता न येणाऱ्या घरांचं काय? मला याचं उत्तर दक्षिण आफ्रिकेत सर्वांत चांगलं मिळतं. केप टाउनच्या कडेला खायेलित्शा ही गरिबीने गांजलेली विस्तीर्ण वस्ती आहे. तिथल्या १४ ते १६ महिन्यांच्या ९१ बाळांच्या घरांवर झालेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडलेल्या घरांतल्या सांभाळणाऱ्या बायकांना आठ आठवडे, मुलासोबत पुस्तक कसं बघायचं, एवढंच शिकवलं. पुस्तकं बहुतेक चित्रांचीच, शब्द नसल्यात जमा. मूल कशाकडे बघतंय ते बघा, त्या वस्तूचं नाव घ्या, तिला रोजच्या जगण्याशी जोडा. या मुलांचं शब्द समजणं वाढलंच, शिवाय एका गोष्टीवर लक्ष टिकवणंही वाढलं. अंगठा उठवणाऱ्या आजीच्या हातात पुस्तक द्यायला संकोच वाटत असेल, तर तो इथे संपावा. तिने पुस्तकातल्या शेळीला स्वतःच्या शेळीचं नाव दिलं, तर पुस्तकाचं काही बिघडत नाही.

एवढं झाल्यावर छापलेल्या मजकुराची बाजूही मांडायला हवी. जेसिका मोंटॅग यांच्या गटाने २०१५ साली शंभर चित्रपुस्तकांतला मजकूर आणि मोठी माणसं लहानग्यांशी बोलतात ते बोलणं शेजारी ठेवलं. पुस्तकांत वेगवेगळे शब्द अधिक निघाले. साहजिक आहे. घरात दिवसभर ‘ये, खा, नको, सांडशील, चप्पल घाल’ चालू असतं. गलबत, घुबड, रुसवा, पारंबी हे शब्द दुपारच्या वरणभाताबरोबर सहसा येत नाहीत, ते पुस्तकांतूनच भेटतात. माधुरी पुरंदऱ्यांच्या ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांतून तर घरातली साधी माणसंही नीट वाक्यांत बोलताना भेटतात. बोली वेगळी असलेल्या घरात वाचणारा ‘आहे’चं ‘हाय’ करतो. करू द्यावं, दोन्ही कानावर पडतात.

तेच ते पुस्तक रोज मागितलं जातं, त्याचा कंटाळा मोठ्यांना येतो. ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट यांनी २०११ साली तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द तितक्याच वेळा ऐकवले, काहींना एकाच गोष्टीतून पुन्हा पुन्हा, काहींना वेगवेगळ्या गोष्टींतून. शब्द पक्के झाले ते पहिल्या गटाचे. गोष्ट पाठ असली की लक्ष नव्या शब्दाकडे द्यायला मोकळं राहतं, असं त्याचं स्पष्टीकरण.

आता या उत्साहावर थोडं पाणी घालायची वेळ. रोज एक पुस्तक वाचलं तर मूल पाच वर्षांचं होईपर्यंत २ लाख ९० हजार शब्द जास्त ऐकतं, हा ओहायोतल्या २०१९च्या अभ्यासातला आकडा पालकांच्या गटांत फिरतो. तो पुस्तकांतले शब्द मोजून केलेला गुणाकार आहे, घराघरांत बसून केलेली मोजदाद नव्हे. त्याच वर्षी क्लेअर नोबल आणि सहकाऱ्यांनी ५४ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा वाचून दाखवण्याच्या उपक्रमांचा परिणाम लहानच निघाला. तुलनेतल्या मुलांना दुसरं काही करायला दिलं होतं तिथे तर जवळपास शून्य. माझ्या मते यात घाबरण्यासारखं काही नाही. मुलं पुस्तकांशिवायही बोलायला शिकतात, हजारो वर्षं शिकत आली. कागदात जादू नाही. पण दमून घरी आलेल्या माणसाला मुलाशी दहा मिनिटं काय बोलावं हे सुचत नसेल, तर शेळीचं चित्र सुचवतं, आणि हे काम ते स्वस्तात करतं.

पुस्तक निवडताना एक बारकावा उपयोगी पडेल. झोई फ्लॅक आणि हॉर्स्ट यांना २०१८ साली आढळलं, की साडेतीन वर्षांच्या मुलांसमोर एका वेळी एकच चित्र असलं तर ती दुप्पट नवे शब्द शिकतात. समोरासमोरच्या दोन्ही पानांवर चित्रं असली, की कुठल्या चित्राबद्दल चाललंय हे शोधण्यातच त्यांचा वेळ जातो. आपल्याकडची बरीच पुस्तकं दोन्ही पानं गच्च भरलेली असतात. ती टाकून द्यायला नकोत. पान वाचण्याआधी त्यावरच्या चित्रावरून नुसता हात फिरवला, तरी मुलांची अडचण दूर झाली होती.