श्रद्धा आणि आचार : रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या ख्रिस्ती जीवनातील एक प्रश्न

गणपतीपुळे येथे डोंगरालाच देवाचे रूप मानण्यात येते. त्यामुळे तेथे प्रदक्षिणा केवळ मंदिराला नव्हे, तर सुमारे एक किलोमीटर वाटेने साऱ्या डोंगराला घातली जाते. चालणाऱ्याच्या मनात भक्ती आहे की केवळ रीत, हे पाहणाऱ्यास कळत नाही. श्रद्धा व आचार यांतील हे अंतर सर्वच धर्मांत आढळते. मराठी ख्रिस्ती जीवनात या प्रश्नाचा निर्भीड शोध घेणारे नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) याच रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे होत.

१८९३ साली राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना नवा करार दिला. त्यातील गिरिप्रवचनाने ते भारावले. प्रार्थना चारचौघांत मिरवू नये, खोलीचे दार लावून करावी. दानाचा गवगवा करू नये. उपास तोंडावर दिसू देऊ नये, असा उपदेश त्याच प्रवचनात आहे. म्हणजे टिळकांना ख्रिस्ताकडे नेणाऱ्या पानांवरच कर्मकांडाविरुद्धचा इशारा होता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

पत्नी लक्ष्मीबाई यांनी मात्र तेव्हा धर्मांतर केले नाही. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीजवळ आल्या, तरी सोवळे त्यांनी सोडले नव्हते. टिळकांनी सक्ती केली नाही. जातिभेद देवाचा नसून माणसाचा, हे स्वतःच्या विचाराने पटल्यावरच त्यांनी सोवळे टाकले. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. आधी मन बदलले, विधी नंतर आला. हा क्रम ‘स्मृतिचित्रे’ वाचताना विशेष जाणवतो.

नव्या धर्माबरोबर येणारे परकीय आचार हा याच प्रश्नाचा दुसरा पदर होय. पंडिता रमाबाई यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण क्रुसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असा आक्षेप त्यांनी घेतला होता. लॅटिन ही काही ख्रिस्ताची भाषा नव्हे! टिळकांनी हीच दिशा काव्यात धरली. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते म्हणत. त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग, भजन व कीर्तन स्वीकारले आणि ‘ख्रिस्तायन’ ओवीत आरंभिले. ते अपुरे राहिले व पुढे बहुतांशी लक्ष्मीबाईंनी रचले. तेव्हा टिळकांचा विरोध बाह्य रूपाला नव्हता, असे म्हणावे लागते. कीर्तन हेही बाह्य रूपच आहे. पण ते ऐकणाऱ्याच्या अंतःकरणात आधीपासून रुजलेले होते.

१९१७ मध्ये ते आणखी पुढे गेले. अमेरिकन मराठी मिशनची वेतनाची नोकरी सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना त्यात स्थान होते. बाप्तिस्मा हा चर्चचा प्रवेशविधी. त्यावाचून शिष्यत्व मान्य केले, तर चर्चची सीमा कोणती? उलट, केवळ विधी झाला नाही म्हणून श्रद्धावंतास बाहेर ठेवले, तर गिरिप्रवचनाचा अर्थ काय? टिळक स्वतः दीक्षित पाळक असल्याने हा पेच अधिकच तीव्र होता. या प्रयोगास दोन वर्षेही पुरती मिळाली नाहीत; ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले.

टिळकांची भक्तिगीते आज मराठी प्रॉटेस्टंट चर्चमध्ये ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून गायिली जातात. प्रत्येक गीताला क्रमांक आहे, रविवारच्या उपासनेत त्याची जागा ठरलेली आहे. ठरीव साच्याबाहेर पडण्यासाठी लिहिलेली ही गीते आता त्याच साच्याचा भाग झाली आहेत. क्रमांक पुकारला जातो, मंडळी उभी राहते, आणि गाणाऱ्यांपैकी कोण केवळ सूर लावतो व कोण प्रार्थना करतो, हे शेजारी उभ्या असलेल्यासही उमगत नाही.