उन्हाने रापलेला चेहरा आणि बाटलीतले 'क' जीवनसत्त्व

रस्त्यावर खडी टाकणारी बाई, हातगाडीवाला, सफाई कामगार, शेतात खुरपणी करणारी मजूर स्त्री यांचे चेहरे वयाआधीच का सुरकुततात, असे विचारले तर 'कष्टाने' असे उत्तर मिळते. ते अर्धेच खरे आहे. गालावरचे काळे डाग, डोळ्यांच्या कडेच्या रेषा, मानेची राठ कातडी ही मुख्यतः उन्हाची करणी आहे. खात्री करायची असेल तर आपल्याच दंडाची आतली बाजू आणि मनगटाची वरची बाजू शेजारी ठेवून पाहावी. वय दोन्हींचे एकच आहे.

याचे एक उदाहरण जगभर गाजले. २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतील एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचे छायाचित्र छापून आले. त्याने २८ वर्षे ट्रक चालवला होता. त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू जाड, खोल सुरकुत्यांची झाली होती. उजवी बाजू कितीतरी तरुण दिसत होती. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून आपल्या बस-ट्रकवाल्या बांधवांनी आरशात उजवा गाल पाहावा.

उन्हात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यांतले 'बी' किरण कातडी भाजतात, पण काच त्यांना बहुतांशी अडवते. 'ए' किरण मात्र खिडकीच्या साध्या काचेतून आत येतात आणि कातडीच्या खालच्या थरापर्यंत पोहोचतात. तिथे फ्री रॅडिकल नावाचे उपद्रवी कण तयार होतात. कातडीला ताठ ठेवणारे कोलॅजनचे धागे त्यामुळे तुटू लागतात. चिरलेले सफरचंद हवेत काळे पडते, तसाच थोडाफार हा प्रकार. त्यावर लिंबू चोळले तर ते लवकर काळे पडत नाही, कारण लिंबातले 'क' जीवनसत्त्व हवेतल्या ऑक्सिजनचा मारा स्वतःवर घेते. अशा पदार्थांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. आपल्या कातडीतही 'क' आणि 'ई' जीवनसत्त्वांचा साठा असतो, पण उन्हात तो खर्च होतो.

हा खर्च बाहेरून भरून काढता येईल का, याचा शोध अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ शेल्डन पिनेल यांनी घेतला. १५ टक्के 'क' आणि १ टक्का 'ई' एकत्र लावल्यावर उन्हापासूनचे संरक्षण सुमारे चौपट झाले, असे त्यांच्या गटाने २००३ मध्ये मांडले. २००५ मध्ये त्यात फेरुलिक आम्ल मिसळल्यावर ते आठपट झाले. आज दुकानात 'सिरम' नावाने बाटल्या मिळतात, त्यांच्या जाहिरातींचे मूळ इथे आहे. मात्र जाहिरात दोन गोष्टी सांगत नाही. हे प्रयोग डुकराच्या कातडीवर झाले होते, आणि खुद्द पिनेल यांचा अशी औषधे बनवणाऱ्या कंपनीशी संबंध होता. म्हणून संशोधन खोटे ठरत नाही. पण हिशेब तपासणाऱ्याने दोन्ही बाजूंच्या नोंदी पाहाव्यात.

शिवाय 'क' जीवनसत्त्व फार नाजूक असते. हवा, उजेड आणि उष्णता लागली की बाटलीतले पाणी पिवळे, मग तपकिरी होते. तेव्हा ते कामातून गेले असे समजावे. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत, खिडकीतल्या फळीवर ठेवलेली बाटली किती दिवस टिकेल? तीस मिलिलीटरची बाटली रोज आठ-दहा थेंब वापरल्यास दोनेक महिन्यांत संपते, आणि किंमत काही शे रुपयांपासून हजाराच्या पुढे जाते. पहिल्या पगारातून मुलीने ती हौसेने आणली तर रागावू नये. पण सिरम हे ऊन अडवणाऱ्या मलमाच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही, एवढे तिला जरूर सांगावे.

त्या मलमाचा, म्हणजे सनस्क्रीनचा, पुरावा अधिक भक्कम आहे. ऑस्ट्रेलियातील नॅम्बोर गावात ५५ वर्षांखालील ९०३ लोकांवर साडेचार वर्षे प्रयोग झाला. त्याचा चेहरे सुरकुतण्याविषयीचा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची कातडी मर्जीप्रमाणे लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी वयस्क झाली. त्याच प्रयोगात काहींना बीटा-कॅरोटिनच्या गोळ्याही दिल्या होत्या, त्यांचा एकूण काही उपयोग दिसला नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर या गोळ्यांपासून लांबच राहावे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना त्या दिल्या, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढला, असे १९९४ मध्ये उघड झाले.

गोळी वेगळी आणि भाजीपाला वेगळा. १०० ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते, म्हणजे संत्र्याच्या कितीतरी पट. आवळा त्याच तोडीचा. शेवग्याचा पाला कित्येक ठिकाणी फुकट मिळतो. टोमॅटोतले लायकोपीन तेलात शिजवल्यावर अंगी अधिक लागते. जर्मनीत २००१ मध्ये लोकांना रोज ४० ग्रॅम टोमॅटोचा घट्ट गर तेलासोबत दहा आठवडे दिला, तेव्हा उन्हाने कातडी लाल होणे सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. आपली टोमॅटोची चटणी याहून फार वेगळी नाही.

माता-भगिनींना एक कळकळीची सूचना. 'क' जीवनसत्त्व म्हणून लिंबू चेहऱ्यावर चोळू नये. लिंबाचा रस लागलेल्या जागी ऊन पडले तर फोड येतात आणि महिनोन् महिने न जाणारे काळे डाग पडतात. 'ई' जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल फोडून लावण्याची रीतही सोडावी. अमेरिकेत १९९९ मध्ये शस्त्रक्रियेच्या व्रणांवर हे करून पाहिले. व्रण सुधारले नाहीत, उलट तिघांतल्या एकाला पुरळ उठला. आणि 'गोरे' करण्याचा दावा असलेली, चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टिरॉइडची ट्यूब तर घरात आणूच नये. तिने कातडी पातळ होते. सावळा रंग हा दोष नाही. तो निसर्गाने दिलेला अतिनील किरणांचा अडसर आहे. तो पुरेसा पडत नाही एवढेच.

ज्यांना सनस्क्रीन परवडत नाही त्यांनी घट्ट विणीचे, गडद रंगाचे सुती कापड डोके, मान आणि कानांवरून घ्यावे. विरळ पांढऱ्या ओढणीतून किरण आत येतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हा ऊन सर्वांत घातक असते, ही खूण लहान मुलालाही कळते. बांधकामावर आणि रस्त्याच्या कामावर त्या वेळेत सावलीची सुटी आणि रुंद कडेची टोपी मागून घ्यावी. मुकादमाकडे एकटीने जाण्यापेक्षा दहाजणींनी मिळून गेलेले बरे.